मला माणसांत मोजलं, त्या दिवसाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना टेंपो आहे. हे वेगळं सांगायची तशी गरज नाही, माझ्याकडे बघूनच कळतं. चाकं कधीच निघाली, आता विटांवर उभा आहे. हेडलाइट आहेत, पण नावाला. तरी बसा. गोष्ट एकच आहे आणि ती मी रडगाणं गाऊन सांगणार नाही. पत्र्याला रडता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१९९० साली मी गोटीरामांच्या मळ्यावर आलो. नाशिकचं इंदिरानगर तेव्हा एवढं वाढलं नव्हतं. कॉलनीची शेवटची भिंत संपली की आमची मेथी सुरू व्हायची, मेथीपलीकडे कोथिंबीर आणि कडेने झेंडू. दिवस उजाडायच्या आत माल भरायचा आणि मार्केटला पोचवायचा, हे माझं काम. मला चालवायचा गोटीरामांचा एकुलता एक मुलगा, दीपक. क्लच असा दाबायचा की मला कळायचंसुद्धा नाही. त्याच्यानंतर ज्याने त्याने मला नुसतं हाणलं.

माल मोजायची दीपकची आई, नवसाबाई. आमच्याकडे जुड्या मोजताना पहिल्या जुडीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. नवसाबाईंचा हात आणि तोंड बरोबर चालायचं, आकडा कधी चुकला नाही. आणि ही बाई माणसंही तशीच मोजायची बरं का! जत्रेला जा नाहीतर लग्नाला, परत निघताना मागच्या दाराशी उभी राहायची आणि एकेकाच्या पाठीवर थाप देत आत चढवायची. दाराला टेकून दीपक उभा असायचा, त्यामुळे पहिली थाप त्याला. "लाभ!" दीपक हसायचा. "आई, मी काय मेथीची जुडी हाय का?" मग नवसाबाई आणखी एक जोरात घालायची.

सिंहस्थाच्या वर्षी एक गोरं जोडपं आमच्या मळ्याच्या कडेला आठ दिवस उतरलं होतं. त्यांची गाडी म्हणजे अख्खं घर. आत पलंग, शेगडी, नळसुद्धा. दीपक रोज दूध द्यायच्या निमित्ताने जायचा आणि डोकावून यायचा. तेव्हापासून त्याने डोक्यात घेतलं, की असं घर माझ्या पाठीवर बांधायचं आणि सगळ्यांना दिल्ली दाखवायची. "अण्णा, अवघड काय हाय त्यात? आपल्या नाशकातनंच आग्रा रोड जातो. पिंपळगाव बसवंत सोडलं की सरळ निघायचं. आग्र्याच्या पुढं दिल्लीच हाय."

गोटीराम म्हणायचे, "आणि मेथी काय दिल्लीवाला काढणार हाय?"

पण दीपकने बांधलंच. घोटीहून सुतार आणला. दोन्ही बाजूंना घडीच्या फळ्या बसवल्या, पत्रा कापून खिडकी केली, पाण्याची टाकी लावली, स्टोव्हला कोनाडा केला. दीपकची बायको योगिनी, तिने खिडकीला जुन्या साडीचा पडदा शिवला. त्यांची मुलगी दिशा फळीवर झोपून बघायची आणि खाली पडायची. सगळं झालं, जायचं ठरलं, आणि १९९७च्या ऑगस्टात विहिरीवरची मोटर चालू करताना दीपकला शॉक लागला.

त्याला दवाखान्यात मीच नेला. त्यानेच बसवलेल्या फळीवर तो होता आणि नवसाबाई त्याचे तळपाय चोळत होत्या. तो वाटेतच गेला होता. परत येतानाही मीच आणला. मला काय वाटलं, असं विचाराल तर काही नाही. इंजिन चाललं, चाकं फिरली, घर आलं.

त्या दिवसापासून नवसाबाई बधिर झाल्या. रडल्या नाहीत. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. लोक म्हणायचे, बाईचं काळीज दगडाचं. बोलायच्या ते दोनच शब्द, "बरं हाय." जेवली का? बरं हाय. झोप लागली का? बरं हाय. सासूच रडत नाही म्हटल्यावर योगिनीही गप्प. आणि गोटीराम तर सकाळी मळ्यात जायचे ते अंधार पडल्यावरच घरात यायचे.

पण सहा वर्षांच्या पोरीला कोण गप्प करणार? तेराव्याच्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, दिशाने आजीचा पदर ओढून विचारलं, "पप्पा कुठं गेले?" आणि नवसाबाई बोलून गेल्या, "दिल्लीला."

बस्स. त्या एका शब्दाला मग कुणी हात लावला नाही. योगिनी म्हणायची, आत्याबाई सांगतील. गोटीराम म्हणायचे, पोरीची आई सांगंल. नवसाबाई काहीच म्हणायच्या नाहीत. आणि पोरगी काही विचारेनाशी झाली, म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं, की ती विसरली असेल. मोठी माणसं किती सोयीने समजून घेतात बघा!

फेब्रुवारीत गोटीरामांनी एकदम ठरवलं, दिल्लीला जायचं. बायकोला हलवून जागं करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ठिकाण बदललं तर रडेल तरी, भांडेल तरी. नातीला आपण काय सांगून ठेवलंय, हे त्यांना आठवलंच नाही. योगिनीला आठवलं असणार, कारण बॅग भरताना दिशाने पप्पांचा निळा शर्ट आत ठेवला तेव्हा ती बघत होती. तिने तो काढला नाही. सासऱ्यांना सांगितलंही नाही.

चालवायला लहानू आला, गोटीरामांच्या बहिणीचा मुलगा. पोरगा चांगला, पण गिअर टाकताना असा आवाज काढायचा की माझेच दात दुखायचे. धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. रस्त्याकडेला स्टोव्ह पेटायचा, पिठलं व्हायचं. प्रत्येक मुक्कामावरून निघताना नवसाबाई मागच्या दाराशी उभ्या राहून मोजायच्या. दीपकच्या जागी आता लहानू टेकलेला असायचा, त्याला पहिली थाप. मग गोटीराम, योगिनी, दिशा. चार झाले की पत्र्यावर दोनदा हात मारायच्या, मग लहानू पुढे जाऊन गाडी काढायचा. आवाज कोरडा होता, पण मोजणी बरोबर होती. आग्र्याचा ताजमहाल बघूनही त्या म्हणाल्या, "बरं हाय."

दिल्लीच्या वेशीवर पोलिसाने अडवलं. "इसमें क्या माल है?"

"माल नाय साहेब, माणसं हायेत," गोटीरामांनी ठणकावून सांगितलं.

पोलिसाने मागे येऊन डोकावलं. फळीवर अंथरूण, कोनाड्यात स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेली टोपी. "यह गाड़ी है या घर?" तो हसला आणि जाऊ दिलं. आमच्यापैकी हसला तो लहानूच.

राजधानी मी पाहिली ती पार्किंगमधून. मला विचाराल तर दिल्ली म्हणजे माणसांचे पाय, चण्याच्या पुड्या आणि दुसऱ्या गाड्यांचे धूर. बाकीचं मी ऐकलं. संसदेसमोर गोटीराम म्हणाले, "गोल हाय." राजघाटावर नवसाबाई समाधीवरच्या झेंडूकडे बराच वेळ बघत राहिल्या. गोटीरामांना आशा वाटली. ते जवळ सरकले. तर बाई म्हणाल्या, "कालची तोडलेली हायेत." आणि चालायला लागल्या.

दिशा मात्र प्रत्येक ठिकाणी माणसांकडे बघायची. घुमट दाखवा, कमान दाखवा, ही वर बघायचीच नाही. गर्दीतल्या एकेका तोंडाकडे बघत चालायची. गोटीराम वैतागले, "अगं, वर बघ की! एवढ्या लांब आणलं तुला!"

तिसऱ्या दिवशी लाल किल्ला झाला. दुपार कलली होती, सगळे दमले होते. पार्किंगवाला दंडुका आपटत ओरडत होता, "हटाओ, हटाओ!" म्हणून लहानू आधीच पुढे जाऊन बसला आणि त्याने इंजिन चालू केलं. मागच्या दाराशी टेकलेलं कुणीच नव्हतं. नवसाबाई आल्या आणि सवयीने त्यांनी हात उचलला. तो पडला माझ्या पत्र्यावर, नेमका दीपक टेकायचा तिथे.

"लाभ," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, सात वर्षांत मला कुणी माणसांत मोजलं नव्हतं. गोटीराम चढले, दोन. योगिनी चढली, तीन. पुढे लहानूने रेस केली, ती ऐकून चार. दोनदा थाप पडली आणि मी निघालो.

योगिनीला वाटलं, पोरगी पुढे लहानूजवळ असेल. आग्र्यापासून ती तिथेच बसत होती. लहानूला वाटलं, मागे आईजवळ असेल. मला मात्र माहीत होतं. मला वजन कळतं. मेथीच्या एका पोत्याइतकं वजन कमी होतं. पण हॉर्न लहानूच्या हातात आणि ब्रेक लहानूच्या पायात. मी नुसता गेलो.

इंडिया गेटला उतरल्यावर गोटीरामांनी शेंगदाण्यांची पुडी फोडली. "दिशे, हात कर."

कुणी हात केला नाही. योगिनी पुढे धावली, केबिन उघडली. लहानू म्हणाला, "माझ्याकडं कुठं हाय, वहिनी?" योगिनी मागे धावली. फळीखाली बघितलं, पडदा ओढून फाडला. मग सासूसमोर येऊन उभी राहिली. "आत्याबाई, तुम्ही मोजलं ना? तुम्ही चार म्हणाला ना?"

नवसाबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. "म्या टेंपो मोजला," त्या म्हणाल्या. "दीपक म्हणून म्या टेंपो मोजला गं!"

सहा महिन्यांत दीपकचं नाव त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. पण ऐकायला कुणाला सवड होती? लहानूने मला असा पळवला की टाकीतलं पाणी फळ्यांवर आलं. योगिनी खिडकीतून ओरडत होती, "दिशा! दिशा!" आणि नवसाबाई मागचं दार धरून उभ्या होत्या. कितीही सांगितलं तरी बसल्या नाहीत.

पार्किंगमध्ये पोचलो तर तो दंडुकेवाला आपल्या लाकडी खुर्चीशेजारी उभा होता, आणि खुर्चीवर बसून दिशा त्याच्या डब्यातली पोळी खात होती. मांडीवर निळा शर्ट. रडलेली दिसत नव्हती.

तो गोटीरामांच्या अंगावर धावून आला. "कैसे लोग हो तुम! बच्ची एक-एक आदमी के सामने जाकर खड़ी हो रही थी। कहती है, पापा को ढूंढ रही हूँ।" मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "इसके पापा कहाँ हैं?"

गोटीरामांनी योगिनीकडे बघितलं. योगिनीने तोंडावर पदर घेतला. लहानू चाकाकडे बघायला लागला, जणू पंक्चर झालं होतं. तेव्हा नवसाबाई पुढे झाल्या. त्या पोरीसमोर जमिनीवरच बसल्या आणि तिचे दोन्ही पाय हातात धरले.

"दिशू, ऐक माझं. तुझे पप्पा दिल्लीला नाय आले. कुठंच नाय गेले. ते वारले गं. विहिरीवर शॉक लागला, त्याच दिवशी. म्या तुला खोटं सांगितलं. मला बोलवत नव्हतं."

दिशाने घास गिळला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शाळेत सगळे म्हणतात. पण तू दिल्ली म्हणाली होतीस ना, म्हणून एकदा बघून आले." तिने शर्ट उचलून आजीच्या हातात दिला. "सगळ्यांकडं बघितलं, आजी. नाहीयेत."

मग जे झालं ते त्या पार्किंगवाल्यालाही झेपलं नाही, तो पाणी आणायला म्हणून निघून गेला. नवसाबाईंनी तो शर्ट तोंडाशी धरला आणि हंबरडा फोडला. गोटीराम माझ्या चाकाशी खाली बसले. योगिनी सासूच्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्याबाई, मलाही रडायचं होतं. तुम्ही रडत नव्हता, म्हणून मी कशी रडू?" दिशा सगळ्यांच्या मधे उभी राहून एकेकाचे डोळे फ्रॉकने पुसत होती. रडली ती सगळ्यांत शेवटी, पण रडली.

कुतुबमिनार बघायचा राहिला. कुणी त्याचं नावही काढलं नाही.

परत आल्यावर मी आणखी सहा वर्षं मेथी वाहिली. मग नवा टेंपो आला आणि मला मळ्याच्या कडेला लावलं. पावसाने पत्रा खाल्ला, फळ्या कुणीतरी जळणाला नेल्या. वाईट वाटतं का? मला कशाचंच फारसं वाटत नाही, ते आधीच सांगितलंय. मळाही आता निम्मा उरला, बाकीच्यावर बिल्डिंगा झाल्या. दिशा कॉलेजात जाते. गाडी लावायला जागा शोधत कधी माझ्यापाशी येते, हात टेकते, निघून जाते.

मित्रांनो, आमच्यासारख्या गाड्या म्हणतात, आम्हाला वेळेवर तेलपाणी करा, धुऊनपुसून ठेवा. मीही म्हटलं असतं. पण मला ठेवा न ठेवा, त्याने कुणाचं काही अडत नाही. मागायचंच तर मी एवढंच मागतो, की घरातलं माणूस गेलं तर घरातल्या पोराला 'गेलं' म्हणून सांगा. त्याला जवळ घेऊन, त्याच दिवशी सांगा. नाहीतर ते बिचारं एकटंच शोधायला निघतं आणि कुणाला सांगतसुद्धा नाही.