बाहुलीले झाली कावीळ

अमरावतीच्या लेकरायच्या सरकारी दवाखान्यासमोर कडुलिंबाखाली सकाळपासून गर्दी. मधात पितळेचं घमेलं, अन् घमेल्यामागं कावीळवाले महाराज. लेकरू पुढं आलं का महाराज त्याच्या तळहाताले शिशीतलं पाणी चोळत, वरून गडव्यातलं पाणी सोडत. घमेल्यात पिवळंधम्मक पाणी पडे. बाया हात जोडत.

"पाहा माय, जहर निंगून रायलं," महाराज म्हनत. "थे आतमधले सुया टोचून लेकराची चाळणी करतात. माह्याजवळ सुई नाई, गोळी नाई. नुसते हात धुवाचे. पन तवरोक दवाखान्याचं औषध बंद, नाईतर जहर उलटते."

रागिणी वयनीले शोधत गर्दीत घुसली. भाऊ कापूस सोडून येऊ शकला नाई, म्हणून दर्यापूरवरून वयनीसंग तीच आली होती. पाच वर्षांची भाची दामिनी आत भरती. डोळे हळदीसारखे, अन् कालपासून पोरगी नुसती झोपून. डॉक्टर आरती मॅडमनं बजावलं होतं, "लिव्हर सुजलंय. झोप वाढतेय, हे लक्षण वाईट आहे. हिला कुठं हलवू नका."

अन् कौशल्या वयनी नर्सची नजर चुकवून तिले इथं घेऊन आली. लेकराच्या हातात सलाईनची सुई तशीच, काखेत प्लास्टिकची बाहुली.

"वयनी, आत चाल."

"एकडाव धुवू दे ना वं. माह्या मामाची कावीळ असीच उतरली होती."

"मामाची आपोआप उतरली असन."

"नववीत शाळा सोडली तुनं. तू नोको सांगू मले."

रागिणीचं डोकं सणकलं. तवरोक महाराजानं दामिनीचा हात धरला. "हे सुई काढा आधी. लोखंडाजवळ मंत्र टिकत नाई." त्यानं चिकटपट्टीले नख लावलं. रागिणीनं ते नख पाह्यलं. बोटं पेरापर्यंत पिवळी.

"महाराज, तुमची बोटं काऊन पिवळी?"

"लोकायचं जहर मी माह्या अंगावर घेतो, पोरी."

"मंग तुमीच भरती व्हा ना आत. खाट खाली असन."

दोघं-तिघं हसले. महाराजाचा हात थबकला. तेवढ्यात रागिणीनं बाहुली ओढली, शिशी उचलली, तिच्यातलं पाणी प्लास्टिकच्या हाताले चोळलं अन् वरून गडवा उपडा केला. घमेल्यात पाणी पडलं. पिवळंधम्मक.

बाया घमेल्यात वाकून पाहाले लागल्या.

"घ्या. बाहुलीले कावीळ झाली," रागिणी म्हणाली. "आता हिले कोनाच्या मामाची लागली?"

"बाहुलीत बाधा असन बावा," मागून एक म्हातारा पुटपुटला. रागिणीले महाराजापेक्षा त्याचीच जास्त शिसारी आली. डोळ्यासमोर दिसते, तरी मान डोलावतात.

खाट रिकामी पाहून आरती मॅडम धावतच गेटबाहेर आल्या. त्यायनं शिशी हुंगली, गडव्याच्या बुडाचा पांढरा गाळ बोटावर घेतला.

"शिशीत आंब्याच्या झाडाच्या सालीचं पाणी. गडव्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पिवळं होतं. माझे हात धुवा, याचे धुवा, दगड धुवा, पिवळंच होणार. पुष्कळांची कावीळ आपोआप उतरते, म्हणून याचं नाव होतं. हिची तशी नाही. हिला आत्ता औषध पाहिजे." अन् दामिनीले उचलून त्या आत गेल्या. कौशल्या पदर सावरत मागं पळाली.

महाराजानं घमेलं झाडामागं रिकामं केलं अन् पिशवी भरली. थो म्हातारा त्याले इचारून रायला होता, "उद्या कुठं बसता?"

संध्याकाळी दामिनीनं डोळे उघडून बाहुली मागितली. मॅडम म्हणाल्या, धोका टळला नाही, पण वेळेवर आत आली. कौशल्या नळावर बाहुलीचा हात साबणानं घासत होती. पिवळं काही जाईना.

"राहू दे वयनी," रागिणी म्हणाली. "तसाच राहू दे. कोनी हात धुवून देतो म्हनलं, का हा दाखवजो."

लेकराचे डोळे पिवळे दिसले, का दवाखाना गाठा. तिथं रक्त तपासतात, घमेलं नाई. अन् वाटेत कोनी महाराज बसलाच असन, त त्याले आधी बाहुलीचे हात धुवाले सांगा.