उजवा गाल

"हलू नका डॉक्टरसाहेब, कानाजवळ आलोय," न्हावीमामा म्हणाला आणि वस्तरा तिथंच थांबवला. "आता खरं सांगा. माझ्या बायकोला सांगितलंत तेवढंच नको, सगळं."

आरशात डॉक्टरचे डोळे मोठे झाले. मामाच्या पोटातली गाठ यानंच काढली होती, पण पुढचं काही विचारलं की गडी हवापाण्यावर घसरायचा. आता जातो कुठं! अर्धं तोंड फेसात.

"इथं? दवाखान्यात या की."

"तिथं तुमच्या मागं दहा जण उभे. संध्याकाळी दुकान विकत घ्यायला माणूस यायचाय. ही लेक म्हणते विकू नका, मी चालवते. केस बरे कापते, पण वस्तरा मी तिच्या हातात कधी दिला नाही. शिकवायला वेळ लागतो. तो आहे का माझ्याकडं, एवढंच विचारतोय."

कोपऱ्यात टॉवेल पिळणारी लेक पिळायची थांबली. तिशीची बाई, पण श्वास लहान पोरीसारखा धरलेला.

"वस्तरा जरा लांब धरा, सांगतो," डॉक्टर म्हणाला. "गाठ आतड्याच्या स्नायूची होती. फार क्वचित होते. दोन्हीकडचं थोडं चांगलं आतडं धरून वीतभर तुकडा काढला, टोकं जोडली. कापलेल्या कडा तपासल्या, त्यात काही उरलं नव्हतं. पण जात वांड. रक्तातून लिव्हरवर जाऊन बसते. केमोला फारशी जुमानत नाही, कापणं हाच मुख्य इलाज. म्हणून स्कॅन चुकवायचा नाही. परत आलीच आणि एका जागी असली, तर परत कापता येईल कदाचित."

"आणि वर्षं?"

"पाच वर्षांनी असे निम्मे पेशंट असतात, निम्मे नसतात. तुम्ही कुठल्या निम्म्यात, ते मला ठाऊक नाही, मामा."

मामानं वस्तरा पट्ट्यावर उगाच दोनदा फिरवला.

"हात बसायला किती लागतं, बाबा?" लेकीनं विचारलं.

"मला दोन वर्षं लागली. तू जास्त हट्टी, वर्षात बसेल."

"मग त्या माणसाला काय सांगू?"

"येऊ नको म्हणून सांग. आणि हात पूस, इकडं ये. साहेबांचा उजवा गाल राहिलाय."

"अहो मामा..." डॉक्टर उठायला लागला.

"बसा गप. तुम्हीपण पहिलं पोट कुणाचं तरी फाडलंच असेल की!"

डॉक्टर बसला. लेकीनं वस्तरा घेतला. मामाची बोटं आपोआप तिच्या मनगटाकडं गेली, अर्ध्यातून मागं आली. मग तो गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन टेकला. इतक्या वर्षांत तिथं कधी बसला नव्हता. खुर्ची तिथून बरीच लांब दिसत होती.

"आधी कातडी ताण," तो तिथूनच म्हणाला. "आणि घाई करू नकोस."