बत्तीस बिल्ल्यांची फळी

"आयक गो बाये, ही फळी बिल्ले मोजते. माणसं मोजत नाही."

हे मला एका म्हाताऱ्या माणसानं सांगितलं होतं, आणि मी ते कानावरून जाऊ दिलं. मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. बसला कुठं कान असतात, असं तुम्ही म्हणाल. असतात. नसते तर बरं झालं असतं, असं मला चैत्रातल्या एका सकाळी वाटलं. पण त्या सकाळपर्यंत येण्यासाठी मला आधी समुद्राकडं जावं लागेल.

आज माझा रंग पिवळा आहे आणि अंगावर माजलगावजवळच्या एका शाळेचं नाव आहे. पुढच्या चाकावरचा रंग जिथं खरवडला आहे, तिथं मात्र खालून निळी लाट दिसते. तो माझा पहिला रंग. मला बांधलं होतं गोव्याच्या एका बंदरासाठी. तिथं पर्यटकांची बारा-बारा मजली जहाजं लागत. सकाळी जहाजाची शिडी खाली आली की तिच्या पायथ्याशी मी उभी असायची. बंदराच्या आत क्रेन फिरतात, कोळशाचे ढीग असतात, मालाचे ट्रक धावतात, म्हणून प्रवाशांना तिथं पायी चालू देत नाहीत. त्यांना जहाजापासून शहरातल्या चर्चसमोरच्या चौकात सोडायचं आणि संध्याकाळपर्यंत परत जहाजाशी आणायचं, एवढंच माझं काम. अंतर फार नव्हतं. भीती मात्र रोजची होती, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. सहाची शेवटची फेरी चुकली की माणूस परक्या देशात उभा, आणि त्याचं अंथरूण, औषधं, कपडे समुद्रावर.

त्यासाठीच माझ्या दाराजवळ एक लाकडी फळी होती. तिच्यावर बत्तीस हूक, आणि प्रत्येक हुकाला एक गोल पितळी बिल्ला. सकाळी चढताना प्रवाशानं आपला बिल्ला घ्यायचा, दिवसभर खिशात ठेवायचा आणि परत येताना फळीवर अडकवायचा. फळी भरली की सगळे आले. किती सोपं! मला त्या फळीचा फार अभिमान होता. अभिमान माझ्या काचांचाही होता. माझ्यात गार हवेचं यंत्र होतं, त्यामुळं काचा एकसंध, माणसाएवढ्या मोठ्या आणि कधीच न उघडणाऱ्या. ऊन आत येई, धग येत नसे. लोक म्हणत, काय थंडगार गाडी आहे.

फळी सांभाळायचा तो आग्नेल. डोक्यावर चार केस, पायात दुखणं, तरी प्रत्येक फेरीला शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचा. ड्रायव्हर त्याला हसायचे. एकदा सहाच्या फेरीला फळी भरली आणि आम्ही निघालो. आग्नेल सवयीनं मागं गेला आणि तसाच लंगडत पुढं आला. एकतिसावी सीट रिकामी होती. बाजूच्या सीटवरचा म्हातारा प्रवासी गाढ झोपला होता. त्याला उठवलं तेव्हा कळलं, की सकाळी बायकोचा बिल्लाही त्याच्याच खिशात राहिला होता आणि चढताना त्यानं दोन्ही अडकवून टाकले होते. बायको पुढच्या दारानं चढली असेल, असं त्याला वाटलं. माझ्यात पुढचं-मागचं दार नव्हतंच, एकच होतं. आम्ही उलटे फिरलो. चौकातल्या बाकावर ती बाई पर्स छातीशी धरून बसली होती. ती रडत नव्हती, नुसती समोर बघत होती. आम्ही परत पोचलो तेव्हा जहाजाचा भोंगा वाजत होता.

त्या दिवशी माझ्या पत्र्यावर हात ठेवून आग्नेल ते वाक्य बोलला. वर म्हणाला, ज्याचा बिल्ला त्याच्याच हातानं. मला वाटलं, चूक त्या म्हाताऱ्या प्रवाशाची, माझ्या फळीची नाही.

पुढं एक वर्ष असं आलं की जहाजं यायचीच थांबली. आग्नेल घरी गेला. मी गंजत उभी राहिले. खाऱ्या हवेनं माझे पत्रे खाल्ले, यंत्र बंद पडलं, आणि शेवटी मला घाट चढून इकडं आणलं. घेणारे होते विजयसिंह, शाळेचे संस्थाचालक. त्यांनी मला पिवळा रंग दिला. पुढच्या सहा काचा कापून सरकत्या केल्या. मागच्या तशाच ठेवल्या, कारण पोरं मागं बसून हात बाहेर काढतात. ते खोटं नव्हतं. मीही त्यावर काही विचार केला नाही. समुद्राऐवजी आता धरणाच्या कालव्याकडेनं, उसातून वाट होती, आणि परक्या म्हाताऱ्यांऐवजी दप्तरवाली पोरं. मी सुखात होते.

ड्रायव्हर होता हनुमान, पोरांचा हनुमानमामा. पोरांना चढवायला-उतरवायला केसरबाई. आणि वाडीवरून दोन बहिणी चढायच्या. कावेरी, तिसरीतली, आणि सायली, शिशुवर्गातली, चार वर्षांची. त्यांची आई वर्षाराणी माजलगावच्या कॉलेजात शिकलेली. ती रोज बस निघेपर्यंत दाराशी उभी राहायची, टायरकडं बघायची, ब्रेकचं विचारायची. हनुमान केसरबाईला म्हणायचा, "आली बघा आरटीओ." एकदा तिनंच विचारलं, हे हूक कशाचे? हनुमाननं अवजारांच्या पेटीतून बिल्ले काढून दाखवले. ते फळीबरोबरच इतके दूर आले होते. तिनं त्या रविवारी बत्तीसही बिल्ले चिंचेनं घासले आणि नेलपॉलिशनं त्यांच्यावर आकडे घातले. चढताना घ्यायचा, शाळेत उतरताना अडकवायचा. सतरा नंबर कावेरीचा, अठरा सायलीचा. विजयसिंहांनी पालकसभेत तिचं कौतुक केलं. माझी फळी पुन्हा कामाला लागली, म्हणून मीही फुलून गेले. आग्नेलचं वाक्य मला आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

आपल्याकडं थोरली म्हणजे अर्धी आई. कावेरी आठ वर्षांची, पण धाकटीचं दप्तर तिच्या खांद्यावर, पाण्याची बाटली तिच्या गळ्यात, पडलेला बूट तिच्या हातात. मग बिल्ला तरी निराळा कसा राहील? सायली चढल्याबरोबर म्हणायची, ताई तू धर, आणि कावेरी दोन्ही सांभाळायची. उतरताना दोन्ही अडकवायची. केसरबाई म्हणायच्या, "ह्याला म्हंत्यात थोरली. न्हाईतर आमची, सोताची चप्पल सापडंना." पोरीचा चेहरा उजळायचा. तिला कुणी अडवलं नाही, उलट रोज शाबासकीच दिली.

त्या सकाळी शाळेत पाहुणे यायचे होते. सकाळची शाळा, पोरं अर्धवट झोपेत. सायलीच्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी लेझमींचं गाठोडं ठेवलेलं, म्हणून ती शेवटच्या सीटवर गेली आणि दोन वळणांत अंगाची जुडी करून झोपली. फाटकाशी केसरबाईंना हारांची परात धरायला हाक आली. त्या पुढच्या लहानग्यांना घेऊन आधी उतरल्या. कावेरी लेझमीत पहिल्या रांगेत होती, तिला सर घाई करत होते. लहान मुलं रोज केसरमावशीबरोबर पुढं उतरतात, तशी सायली उतरली असणार, असं तिला वाटलं. तिनं सतरा अडकवला. अठरा अडकवला. उडी मारून पळाली.

फळी भरली. हनुमाननं फळीकडं बघितलं, मला शाळेच्या मागच्या भिंतीशी लावलं, सरकत्या काचा ओढून घेतल्या, दार बंद केलं, आणि किल्ली घेऊन नाक्यावर चहाला गेला.

मित्रांनो, मला माहीत होतं. माझ्या शेवटच्या सीटवर पंधरा किलो वजन होतं. दप्तर असं श्वास घेत नाही. मी जाणलं, आणि मी काही करू शकले नाही. एवढा मोठा भोंगा माझ्या पोटात आहे, पण तो माणसाच्या हाताशिवाय वाजत नाही.

आठ वाजता ऊन भिंतीवरून उतरून माझ्या टपावर आलं. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. टप तापला, मग सीटांचं रेक्झिन तापलं. ज्या काचांचं इतकं कौतुक झालं होतं, त्यांनी आता ऊन आत घेतलं आणि धग बाहेर जाऊ दिली नाही. सायली उठली. आधी तिला गंमत वाटली असावी, ती सीटांमधून ताईला शोधत दारापर्यंत गेली. दार ढकललं, पण कडीपर्यंत तिचा हात पोचेना. मग परत शेवटच्या काचेशी आली, कारण तिथून शाळेची भिंत दिसते. तिनं काचेवर हात मारले. पलीकडं हलगी वाजत होती, लेझीम चालली होती, आणि त्या आवाजात कावेरीच्या पायांचाही आवाज होता. हाक कुणाला ऐकू जाणार?

ती ताई म्हणत होती. बऱ्याच वेळानं आई म्हणू लागली. त्यानंतर तिनं काहीच म्हटलं नाही. ती दोन सीटांच्या मधे खाली बसली, आणि मला फक्त तिचा श्वास कळत राहिला. तो भराभर चालला होता. मी ते श्वास मोजत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी बिल्ले सोडून दुसरं काही मोजलं.

वर्षाराणी रोज सव्वाआठला शाळेत फोन करायची, सायली वर्गात बसली का विचारायला. शाळेत तिला फोनवाली आई म्हणत. त्या दिवशी कार्यक्रमामुळं ऑफिसातला फोन कुणी उचलला नाही. अकरा वेळा वाजून थांबला, हे मला नंतर कळलं. बाराव्यांदा न लावता ती स्कूटी काढून निघाली. घरचे म्हणाले, जरा दम धर. तिनं दम धरला नाही.

मला दिसलं ते एवढंच, की ती आणि केसरबाई शाळेच्या कोपऱ्यावरून माझ्याकडं येत होत्या. वर्गात बाई नव्हत्या, पोरं मंडपात पांगलेली, सायली कुठं आहे हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. केसरबाई जराशा रागावल्या होत्या.

"तुमी लई काळजी करता ताई. समदी उतरली. चला, दाखवतेच फळी, मंग तर पटंल?"

"मला फळी नका दाखवू, मावशी. मला सायली दाखवा."

तरी केसरबाईंनी दाराच्या काचेतून बोट दाखवलंच. बत्तीस हूक, बत्तीस बिल्ले. अठरा नंबर आपल्या जागी लखलखत होता. वर्षाराणीनं त्याच्याकडं बघितलं आणि तिथं न थांबता तिची नजर माझ्या अंगावरून मागं सरकत गेली, एकेक काच करत, शेवटच्या काचेपर्यंत. तिथं आतून बोटांचे ठसे होते. सीटवर उभ्या राहिलेल्या पोरीचे. लहान, घामाचे, खाली घसरत गेलेले.

तिनं खाली वाकून दगड उचलला.

माझी दाराची काच फुटली. केसरबाईंनी त्या फुटक्या काचेतून हात घालून आतली कडी ओढली. त्यांचा हात कोपरापर्यंत कापला, पण त्यांना ते कळलं नसावं. आई आत शिरली. सायली खाली पडली होती. अंग भाजत होतं, आणि घाम यायचा थांबला होता. तिला उचलून त्या गेल्या, आणि माझ्या पायरीवर रक्ताचे थेंब तेवढे राहिले.

पुढचे दोन दिवस मी तिथंच उभी होते. फुटक्या दारातून वारा आत-बाहेर करत होता. शेवटच्या काचेवरचे ठसे कुणी पुसले नाहीत. पोर आहे की गेली, हे मला कुणी सांगितलं नाही. बसला कोण सांगणार? बंदरातल्या बाकावर बसलेली ती म्हातारी मला सारखी आठवत होती. सगळे आले असं फळी सांगत होती, आणि ती तिथं बसून होती.

तिसऱ्या दिवशी हनुमान आला. तो माझ्या पायरीवर बसला आणि तोंड झाकून म्हणाला, "उठली. पाणी मागितलं म्हनं तिनं." मग त्यानं पाना घेतला आणि माझी फळी दाराजवळून काढली. ती त्यानं अगदी मागं, शेवटच्या सीटच्या वर ठोकली. आता पोरं उतरली की केसरबाई सगळे बिल्ले गोळा करून मागं जातात आणि जाताना दोन्ही बाजूंच्या सीटांवर हात फिरवत जातात. मागच्या काचाही कापल्या, त्यांना बाहेरून गज लावले. माझं रूप गेलं. जाऊ दे.

सायली महिन्यानं परत आली. पहिले काही दिवस पायरीशी रडायची, आता चढते. बाई, मामा, मावशी, पोरं, सगळी तिला विचारतात, बरी आहेस ना? खाऊ देतात. ती खाते आणि हसते.

पण मित्रांनो, सतरा नंबरचं तुम्हाला सांगायचं राहिलं. कावेरी आता सायलीच्या मनगटाला धरून बसते, वाडीपासून शाळेपर्यंत. वळणावर झोप आली तर स्वतःला चिमटा काढते. उतरल्यावर एकदा मागं येऊन खिडकीतून आत बघते, मग पुन्हा येऊन बघते. तिनं लेझीम सोडली. तिला कुणी बोल लावला नाही, मारलं नाही. फक्त त्या दिवसापासून तिला कुणी थोरली म्हणालं नाही, आणि ती बरी आहे का, हेही कुणी विचारलं नाही. तिची आई रोज दोघींना चढवते, आणि तिचे डोळे अजून धाकटीवरच असतात. मी तिला दोष देत नाही. मीसुद्धा त्या दिवशी एकाच पोरीचे श्वास मोजले होते.

कावेरी आठ वर्षांची आहे. माझ्या सीटला कपाळ टेकून ती रोज हळूच म्हणते, "मीच अडकवला." ते फक्त मला ऐकू येतं, आणि मला तोंड नाही.

तुम्हाला आहे. तुमच्या बसमध्ये, तुमच्या वर्गात, कदाचित तुमच्याच घरात अशी एखादी थोरली असेल, जिचा बिल्ला जागेवर आहे म्हणून कुणी तिच्याकडं बघत नाही. आज जाताना तिच्या शेजारी बसा. ती कशी आहे, तेवढं विचारून या.