दर्शी शिकून राह्यली

ता

हा पहिला शब्द. त्यावरून सासू-सुनेचं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही.

"ता म्हंजी आत्या," बेबीनंदा खाटेवरून म्हणाली. "तू दिवसभर मला आत्या, आत्या करतीस. लेकरानं तेच उचललं."

"ता म्हंजी ताट. भूक लागल्ती तिला," मोनाली म्हणाली.

"मंग तुह्यावरच गेली. तू बी या घरात आल्तीस तवा पह्यले चूल कुठं हाये तेच इचारलं व्हतंस."

मोनाली हसली. पोर झाल्यापासून तिला हसायला निमित्त लागत नसे. नाव ठेवलं होतं प्रियदर्शनी, पण एवढं लांब नाव एवढ्याशा जिवाला कोण घेऊन बसतं. सगळे दर्शी म्हणत. तेव्हा दर्शी भिंतीला धरून उभी राहायची आणि हात सोडला की आपटायची. आपटली की इकडंतिकडं बघायची. कुणी बघत असलं तरच रडायची.

घर जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या अलीकडच्या गावात, बौद्धवाड्याच्या टोकाला, अगदी सडकेला लागून. लकव्यानं बेबीनंदाचं उजवं अंग नेलं होतं, जीभ तेवढी सोडली होती. मोनालीचा नवरा मिथुन जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर. सणाला, जयंतीला यायचा, आला की नुसता झोपायचा. म्हणजे दर्शीचं शिकणं बघायला घरात दोघीच, आणि त्यातली एक कामावर.

नग्ग

भाकर नग्ग. आंघोळ नग्ग. टोपडं नग्ग. बाप घरी आला तर त्याची दाढी बघून आईच्या मागं, "नग्ग".

"खरं बोलून राह्यली," बेबीनंदा म्हणाली. "म्या त्याची माय, मला बी कधीकधी असंच वाटतं."

लाल

मोनाली गावातल्या हरिओमभाऊच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, कामाला. तिथं एका कंपनीसाठी मिरचीचं बियाणं धरायचं काम होतं. बाहेर परतीच्या पावसानं सोयाबीन काळं पाडलेलं, रानभर कुजका वास, आणि काळी माती अशी चिवट की पाय उचलला तर चप्पल मातीतच राहायची. जाळीच्या आत निराळीच तऱ्हा. ऊन कोंडलेलं, ओल कोंडलेली, बायका त्यात उकडून निघायच्या.

दुपारी उमलायला आलेली कळी चिमट्यानं सोलायची, आतले नराचे तुरे काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं चढायच्या आत, त्याच फुलाला दुसऱ्या जातीच्या नराची भुकटी लावायची आणि देठाला लाल लोकरीचा दोरा गुंडाळायचा. लाल दोरा असला की ते फळ आपण धरवलेलं. बिनदोऱ्याचं दिसलं की तोडून फेकायचं. ते आपोआप धरलेलं, कंपनीच्या कामाचं नाही.

बोटांचं काम. मोनालीसारखी बोटं त्या जाळीत दुसरी नव्हती. देठ न दुखावता ती दोन बोटांत दोरा असा फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं, दोरा स्वतःच बसला.

अंगणवाडी एवढ्या लहान लेकराला बसवून घेत नव्हती. म्हणून दर्शी सोबत. आधी खांबाला बांधलेल्या झोळीत, मग झोळीखाली, मग दोन ओळींच्या मधल्या वाटेवर, मांडीपर्यंत चिखल. देठावरच्या दोऱ्याला बोट लावून म्हणायची, "लाल".

मोनाली आत शिरली की साळूबाई ओरडायची. साळूबाई त्या बायकांत सगळ्यांत जुनी. "आली गं बातमीवाली. काय म्हणती आज दर्शी?"

"साळूमाय, काल तिनं आत्याला घास भरवला. आत्याचा हात उठत न्हाई ना. तर हिनं भाकर तोंडात कोंबली अन् म्हणती, चाव."

"मंग चावलं का बेबीनंदानं?"

"चावलं की. हिचं बोट."

जाळी हसली.

"अन् सकाळी माह्या चपला घातल्या. उलट्या. मलाच म्हणती, येते."

"मंग जाऊ द्यायचं व्हतं. ती कामाला, तू घरी."

पुन्हा हसू. मग साळूबाई चिमटा पुसत म्हणाली, "माह्या चौघांनी बी हे सगळं केलंच असंल बाई. म्या कुठं पाह्यलं. म्या कामावर व्हते."

मोनालीनं वळून दर्शीकडं बघून घेतलं. आपलं लेकरू आपल्या डोळ्यापुढं हाय, एवढ्यावरच तर तिचं सगळं चाललं होतं.

(इथं शब्द नाही)

कारण दर्शी काही बोललीच नाही. नुसती आली, आणि मूठ पुढं केली.

मुठीत लाल दोरे. पुष्कळ.

मोनालीनं एक उचलून बघितला. तुटलेला नव्हता. ओढलेलाही नव्हता. उलगडलेला होता. आई जसा फिरवते तसाच, पण उलटा फिरवून, दोन बोटांत धरून, पोरीनं एकेक सोडवून आणला होता. एवढीशी बोटं, अजून घास धड धरता येत नव्हता त्यांना. आणि हे.

"साळूमाय," मोनालीचा आवाज आनंदानं चिरकला, "बघ गं. हिनं सोडवून आणले. कुणी शिकवलं न्हाई. नुसतं बघून."

साळूबाईनं दोऱ्यांकडं बघितलंच नाही. ती ओळीकडं बघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर्शीचा हात पुरतो तिथवर, एकाही देठाला दोरा उरला नव्हता.

हरिओमभाऊ आला. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता, तेच वाईट. ओळीपाशी बसला, एक फळ उलटंपालटं केलं.

"मोनाली, यातलं कोणतं आपलं अन् कोणतं आपसूक, तूच सांग."

तिला सांगता येईना. कुणालाच आलं नसतं.

मग ती खालची सगळी फळं तोडायची ठरली, आणि ती मोनालीनंच तोडली. दर्शीला वाटलं नवा खेळ निघाला. तीही शेजारी बसून तोडू लागली, भराभर, आणि प्रत्येक फळ टोपलीत टाकून आईकडं बघू लागली.

"कंपनीचा माणूस आला अन् त्यानं हे पाह्यलं असतं तर पुरं शेडनेट फेल केलं असतं," हरिओमभाऊ म्हणाला. "तू ये. तुह्यासारखा हात न्हाई कुणाचा. पण लेकरू आत न्हाई. बिलकुल न्हाई. तिला ठेवायची सोय व्हत न्हाई तर मला दुसरी बाई बघावी लागंल."

आणि दुसरं काम कुठं होतं? सोयाबीन कुजलेलं, कापूस भिजलेला. सगळं गाव हरिओमभाऊच्या जाळीकडं तोंड करून बसलेलं.

बाल

म्हणजे बॉल. तो हरिओमभाऊच्या साक्षीचा. साक्षी दर्शीएवढीच, घराच्या ओट्यावर खेळत असायची. ओटा जाळीपासून हाकेवर. मोनाली हरिओमभाऊच्या बायकोकडं, सुरेखावहिनीकडं गेली तोवर साक्षीनं बॉल खाली टाकला होता आणि दर्शीनं तो परत वर फेकलाही होता.

"वहिनी, हिला इथंच साक्षीसंगं बसू द्या. भाकर मी बांधून आणीन. मधून मधून येऊन बघीन बी."

सुरेखा हातातलं सूप पाखडत राहिली. पाखडायला त्यात काही उरलं नव्हतं.

"माझं काय न्हाई गं मोनाली. पण आमच्या मामी, ह्यांच्या आई, जुन्या वळणाच्या. त्यांचं पाणी भरलेलं असतं ओट्यावर."

"हां."

"पोरींचं काय, त्यांना कळतंय व्हय काही."

"न्हाई कळत," मोनाली म्हणाली. "आजून."

तिनं दर्शीला काखेत घेतलं. दर्शी बालसाठी सडकेपर्यंत रडली.

गाली

म्हणजे गाडी. हा शब्द ती घरापुढच्या सडकेवरून शिकली. वाळूचे हायवा ट्रक जायचे, सगळं घर हलायचं, आणि दर्शी दारात नाचायची.

"माह्यापाशी ठेव," बेबीनंदा म्हणाली. "एक हात हाये अजून. तेवढा बस्स हाये एका लेकराला."

एकच दिवस ठेवली. दुपारी मोनाली परत आली तर एक अनोळखी ड्रायव्हर ओसरीत बसलेला, घामेजलेला, मांडीवर दर्शी. खाटेवर बेबीनंदा नव्हती. ती उंबऱ्यापाशी पालथी पडली होती. तिथवर सरपटत आली होती.

"काकू, ब्रेक लागला म्हणून," ड्रायव्हर बेबीनंदाकडं बघून पुन्हा पुन्हा म्हणत होता. "लागला म्हणून."

मोनालीनं सासूला उचललं. तोंडात माती गेलेली. ती थुंकून बेबीनंदा म्हणाली, "हाका मारल्या गं. लई मारल्या. तिला वाटलं, आत्या गाणं म्हणून राह्यली."

त्या संध्याकाळी ती कुणालाच टोचून बोलली नाही.

(इथंही शब्द नाही)

"बांधून ठेव," साळूबाई म्हणाली.

"साळूमाय, लेकरू हाये ते. जनावर न्हाई."

"जनावर असतं तर मोकळंच सोडलं असतं. कोंडवाड्यातून सोडवून तरी आणता येतं." साळूबाई हातातला दोरा फिरवत होती. "म्या माझे चारी बाभळीला बांधून वाढवले. त्यातला कुणीच मेला न्हाई. बाकी काय झालं ते मला इचारू नको."

मोनालीनं जुन्या मऊ पातळाची पट्टी फाडली. जाळीच्या दाराबाहेर लिंबाचं झाड होतं. एक टोक बुंध्याला, एक दर्शीच्या पायाला. गाठ मारायची आणि ओढून बघायची, बसली का. खाली गोधडी, पाण्याची बाटली, भाकरीचा तुकडा. जाळीतून धूसर दिसायचं.

पहिले दिवस ती किंचाळली. मोनालीच्या बोटांत फुलं मोडली, आणि हरिओमभाऊनं ते बघूनही न बघितल्यासारखं केलं. दर्शी पट्टीची गाठ सोडवू बघायची. दोरे सोडवणारी ती बोटं. म्हणून मोनालीनं पट्टी भिजवून गाठ मारायला सुरुवात केली. वाळली की ती आणखी आवळायची.

मग किंचाळणं थांबलं. थंडी पडू लागली, माती भेगाळली, आधी धरलेल्या मिरच्या लाल होऊ लागल्या. दर्शी झाडाखाली बसून असायची. मुंग्यांकडं बघायची. कुणी आलं तर मान वर करायची, गेलं तर खाली.

"काय म्हणती गं दर्शी?" साळूबाईनं एकदा विचारलं.

"काही न्हाई."

"काहीच न्हाई?"

"न्हाई, साळूमाय."

घरी बेबीनंदा डाव्या हातानं पोरीच्या घोट्यावरचा पांढुरका वळ चोळायची. खोबरेल लावायची. वळ दिसेनासा होईस्तोवर सकाळ व्हायची.

बांद

त्या सकाळी दंव दाट होतं. जाळीच्या आतून साळूबाई हाका मारत होती, "ये गं जल्दी, उन्हं आल्यावर फूल धरत न्हाई." मोनालीनं कमरेची ओली पट्टी सोडली. आधी झाडाला गुंडाळली. मग खाली वाकणार, तोच दर्शी स्वतःच गोधडीवर बसली. झगा गुडघ्यापर्यंत ओढला. तळव्यानं घोट्यावरचा चिखल पुसला. पाय पुढं केला.

"बांद," ती म्हणाली.

किती दिवसांनी नवा शब्द. अगदी स्पष्ट.

बाजूनं दोघी-तिघी बायका आत चालल्या होत्या. त्यातली एक थांबली. "बया, किती शाणी झाली गं. साक्षीला अजून चप्पल घालायची तर धरावं लागतं."

आतून पुन्हा हाक आली. मोनालीनं गाठ मारली. तिचे हात भिजले होते, थंडीनं आखडले होते, आणि ते काय करताहेत हे तिला नीट दिसत नव्हतं. ती तशीच उठली.

तेव्हा दर्शीनं पट्टी दोन्ही हातांत धरली आणि एकदा ओढून पाहिली, बसली का.