कौशल्याबाईच्या जागी मी वाजलो

मित्रांनो, मी एक जुना ट्रॉम्बोन आहे. पितळेचा, अंगानं लांब आणि मनानं अपराधी. माझ्या पुढच्या टोकाला एक सरकती नळी आहे. दुसऱ्या पितळी वाद्यांना बटणं असतात, मला नाहीत. नळी पुढेमागे करायची आणि सूर शोधायचा. त्यामुळे दोन सुरांच्या मधल्या जागाही मला सापडतात, अगदी माणसाच्या गळ्यासारख्या. याचा मला भारी तोरा होता. त्या तोऱ्यात माझ्याकडून जे झालं, ते आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म मेरठचा. तिथून मी सिकंदराबादच्या एका दुकानात आलो आणि तिथून रामाजीच्या हातात. रामाजी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावचा. त्याचा बाप लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. रामाजी मात्र हैदराबादला गेला आणि एका म्हाताऱ्या गोवेकर मास्तरांकडून जाझ शिकला. ताल सोडायचा नाही, पण कागदावरचे सूर संपले की पुढचं आपल्या मनचं वाजवायचं, असं ते संगीत. वीस वर्षं आम्ही हॉटेलांत वाजवलं. लोक हातातला घास तसाच धरून ऐकायचे. रामाजी मला रोज मऊ फडक्यानं पुसायचा, आणि मी नुसता फुगत जायचो.

पुढे हॉटेलांना आमची गरज उरली नाही. मग रामाजी आदिलाबादला परतला आणि दोन खोल्यांत त्यानं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे, दाराला जाड गोधडी. गाणी निवडणं, गाणाऱ्याला समजावणं, शेवटी सगळं जुळवून बाहेर काढणं, हे सारं तो एकटा करायचा. त्याचा कान तिखट होता. बारीकशी खरखरही त्याला खपत नसे.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. भीमजयंतीला तीन दिवस उरले होते. बेल्याची कौशल्याबाई गायला आली. ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, केसांत रुईचं तूस तसंच होतं. गाणं तिच्या आईनं रचलेलं. आईचा बाप पायी नागपूरला गेला, दीक्षा घेतली आणि ताठ मानेनं घरी आला, एवढंच त्यात होतं. पण काय गायली हो ती! माझ्या पितळेला कापरं भरलं.

फक्त एका जागी, 'ताठ मानेनं घरी आला' या ओळीला, तिचा आवाज फाटला. रामाजीनं पुन्हा गायला लावलं. पुन्हा तिथंच फाटला. तिसऱ्यांदाही तेच.

"बाई, घशात तूस गेलं असन तुह्या. पाणी पे," रामाजी म्हणाला.

"नाई दादा, ते तसंच हाये," ती म्हणाली. पुढे आणखी काही सांगणार होती, पण तिची बस निघायची वेळ झाली होती. रामाजीनंही विचारलं नाही.

ती गेल्यावर त्यानं मला उचललं. आधी फक्त ती एक ओळ माझ्या सुरानं झाकली. ते ठिगळ वाटलं. मग त्यानं कौशल्याबाईचा सगळा आवाज पुसून टाकला आणि पूर्ण गाणं माझ्यावर वाजवलं. तिच्या गळ्यातलं प्रत्येक वळण मी हुबेहूब घेतलं, ती फाटकी जागा सोडून. "आता कसं स्वच्छ झालं!" रामाजी म्हणाला. मलाही तसंच वाटलं, हे कबूल करतो.

जयंतीला बेल्याच्या विहारापुढे ते गाणं भोंग्यावर लावलं. पांढऱ्या साड्या नेसून बाया बसल्या होत्या. कौशल्याबाई सगळ्यांत पुढे. आपला आवाज येणार म्हणून तिनं गल्लीभर सांगितलं होतं. गाणं सुरू झालं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

शेजारच्या जयवंताबाईनं विचारलं, "काऊन वं, तुहा आवाज कवा येते?"

"येईन आता," कौशल्याबाई म्हणाली.

गाणं संपलं. ती उठली, पदर झटकला आणि घरी गेली. त्यानंतर तिला कुणी गाताना ऐकलं नाही.

गाणं मात्र गाजलं. रामाजीला शाल मिळाली, माझ्या गळ्यात हार पडला. तुम्ही म्हणाल, वाजवणारा रामाजी, तुझा काय दोष? खरं आहे. पण हार पडला तेव्हा मी लाजलो नाही, मित्रांनो. मला तो आवडला.

मग रामाजीला दम लागू लागला आणि मी पेटीत पडलो. अंगावर हिरवट डाग आले. या वर्षी एका दुपारी कौशल्याबाईची मुलगी तेजस्विनी आली. ती शाळेत शिकवते.

"मामा, आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिले बोलता येत नाई. तुमच्याकडं तिचं गाणं असन ना? मले तिचा आवाज पाह्यजे."

रामाजीनं कॉम्प्युटर उघडलाच नाही. "बेटा, तो मी पुसला," तो म्हणाला.

ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. मग म्हणाली, "हे आईले तुमीच सांगा."

रामाजी मला घेऊन बेल्याला गेला. कौशल्याबाई बाजेवर बसली होती, गळ्याला मऊ रुमाल. रामाजीनं हात जोडून सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे बोट केलं. वाजव.

तो धापा टाकत वाजवू लागला. त्या ओळीशी येताच तिनं हात वर करून थांबवलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा. नाही.

तेजस्विनीनं डोळे पुसले. "मामा, तिथं आईचा आवाज फाटत नव्हता. तिथं आजी गाता गाता रडे. आनंदानं. आई तसंच शिकली होती."

आम्ही किती वेळा खटपट केली! नळी सरकली, सगळे सूर सापडले. ते रडणं काही सापडलं नाही. शेवटी कौशल्याबाईनं मला रामाजीच्या हातून काढून बाजेवर ठेवलं आणि स्वतः गाऊ लागली. नुसते ओठ हलत होते. मी गप्प राहून तिचं गाणं ऐकत होतो, आणि ऐकायला काहीच नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी आई, आजी, कुणीही गात असेल, तर मध्येच दुरुस्त करू नका. एखादी जागा खटकली, तर आधी विचारा, इथं असं काऊन गातेस? आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. मला विचारायला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.