गळ पाण्यात असताना

मानोऱ्याकडच्या कोणत्याही खेड्यात विचारा, लेकरूही सांगेल. विहिरीतलं प्रेत काढायला गळ सोडला की तो वर येईपर्यंत जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायचीच तर ‘ओ भाऊ’, ‘ओ बाई’. घेतलेलं नाव पाणी ठेवून घेतं. शालिग्राम जमादारालाही हे ठाऊक होतं, त्याचा जन्मच इथला. पण अंगावर खाकी चढली की काही माणसांना आईबापाचं शहाणपणही अडाणी वाटू लागतं, त्यातला तो.

भर दुपारी तो विहिरीच्या काठावर उभा होता. गावचा पोलीस पाटील फुलसिंग दोराला बांधलेला लोखंडी गळ पाण्यात फिरवत होता. आत ज्योत्स्ना होती. तिचा नवरा बादल लिंबाखाली हाताची घडी घालून उभा, डोळे कोरडे ठणठणीत. पाणी शेंदताना पाय घसरला, एवढंच त्याने सांगितलं होतं. शालिग्रामलाही तेवढंच हवं होतं.

कारण बाजाराच्या दिवशी ज्योत्स्ना ठाण्यात आली होती. गळ्यावर बोटांचे वळ.

“साहेब, घरी गेली तं मारून टाकीन तो मले.”

तक्रार घ्यायची म्हणजे अख्खी संध्याकाळ गेली. शालिग्रामने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी तुह्या बापासारखा हाओ, पोरी. जाय घरी. काही नाही होत.” त्या बिचारीने विश्वास ठेवला. हलकटपणा केला जमादाराने, दुसरा शब्द नाही.

एवढ्यात खिशातला फोन वाजला. कारंज्याहून त्याची एकुलती एक लेक.

“हॅलो? वैभवी? आवाज नाही येऊन राह्यला! वैभवी!”

फुलसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. “साहेब, गळ पान्यात हाये ना!”

“चूप बस, तुमच्या खुळ्या गोष्टी...”

दोर ताठ झाला. खालून कोणीतरी ओढत होतं, धट्टेकट्टे गडी लागले तरी आवरेना. फोनमध्ये वैभवी खोकू लागली. “बाबा... तोंडात पानी येऊन राह्यलं...” मागून तिच्या आईची किंकाळी आली. “अवो, पोरगी बाजेवर बसल्या जागी बुडून राह्यली!”

शालिग्रामची पाचावर धारण बसली. सगळी अक्कल गेली आणि आईने शिकवलेलं तेवढं उरलं. तरी त्याने फुलसिंगला विचारलं, “काय करू?”

“ते नाव सोडवाचं असन तं आपलं सोताचं द्या लागते. दुसऱ्याचं चालत नाही, साहेब. हे सुटेपर्यंत पानी दुसऱ्याचं घेतच नाही.”

शालिग्रामने लिंबाकडे पाहिलं. चालत नाही म्हणतात, पण बघायला काय जातं? “बादल!” तो विहिरीत ओरडला. “बादल!” बादल दचकला, एवढंच. दोर तसाच ताठ राहिला.

फोनमधला खोकला थांबला. मग वेगळाच आवाज आला, अगदी शांत. “साहेब, घरी गेली होती मी. तुमी सांगतलं तशी.”

त्यानंतर पुन्हा वैभवीची घुसमट, आता अगदी क्षीण. शालिग्रामने फोन काठावर ठेवला. जगायची हौस त्याला फार होती, निवृत्तीनंतर बांधायच्या घराची वीटसुद्धा त्याने ठरवून ठेवली होती. तो विहिरीत वाकला.

“शालिग्राम,” तो म्हणाला. दोर ताठच, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला. “शालिग्राम नाव माहं! म्याच धाडली तुले घरी!”

दोर सैल झाला. गळाला अडकलेलं हिरवं लुगडं सावकाश वर दिसू लागलं.

“बाबा,” फोनमधून वैभवी रडत म्हणाली, “थांबलं पानी. बाबा, बोला ना.”

त्याला बोलायचं होतं. तोंड उघडलं तर शेवाळाच्या चवीचं गार पाणी वर्दीवर सांडलं, आणि सांडतच राहिलं. गुडघे टेकले. फुलसिंगने फोन उचललेला त्याला दिसला. जमादाराच्या पोरीला फुलसिंग नावाने ओळखत होता, लहानपणी खांद्यावर घेतली होती. पण गळ अजून पाण्यातच होता.

“ओ बाई,” फुलसिंग म्हणाला, “आईजवळ जाय.”