तिरका रफार

मित्रांनो, अंधारातून आवाज येतोय म्हणून दचकू नका. मी एक जुना टाइपरायटर आहे आणि सध्या कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत पडलो आहे. गुन्ह्याच्या तपासात हाती लागलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत जिथे ठेवतात, ती ही खोली. माझ्या एका बाजूला गंजलेली सायकल आहे, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. ती बिचारी अकरा वर्षं तारखेची वाट पाहते आहे आणि आता कोणाशी बोलतही नाही. मला मात्र गप्प बसवत नाही, कारण माझ्याकडे वेळ फार थोडा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझी अक्षरं एकेक करून दांड्यांवर बसवली. सगळी मुळाक्षरं पोटात घेऊन बाहेर पडलो तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता. तो फार टिकला नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत वीस वर्षं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहून लिहून माझा जीव विटला. मग कचेरीत कॉम्प्युटर आले, मी जिन्याखाली गेलो आणि तिथून मला सरांनी घरी आणलं.

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. रोज सकाळी डोळे मिटून प्रार्थना करत आणि मग त्याच खुर्चीत माझ्यापुढे बसत. टाइप करायचे दोनच बोटांनी, पण असं बडवायचे की शेजारीण भिंतीवर थापा मारी. देव, बाजार आणि सत्ता यांची त्यांनी कधी तीन वेगळी घरं केली नाहीत. ‘जोडायला, तोलायला आणि मत द्यायला हात एकच असतो, मग नियत तीन कशा?’ असं ते लिहीत. त्यामुळे भाविकांना ते नास्तिक वाटत आणि नास्तिकांना भाबडे.

एकदा ‘भाव’ हा शब्द टाइप करून ते एकटेच हसत बसले. त्यांच्या पत्नी दवाखान्यात नर्स होत्या. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे, म्हणून मीही म्हणतो. वहिनींनी विचारलं, “आता काय झालं?”

“अगं, देवापुढे असतो तोही भाव आणि बाजारात चढतो तोही भावच. भाषेनेच दोन्ही एका खुंटीला टांगलेत.”

“मग भाजी आणायला जाल तेव्हा तो देवापुढचा घेऊन जा. बघू किती मेथी येते ते.”

मित्रांनो, मला ते घर फार आवडत होतं.

सरांच्या लेखनात दोन शब्द सारखे येत, ‘धर्म’ आणि ‘अर्थ’. दोन्हींच्या डोक्यावर रफार. तो इतका बडवला गेला की त्याचा दांडा वाकला आणि रफार डावीकडे कलून उमटू लागला. मेकॅनिक तेलपाणी करायला आला तेव्हा म्हणाला, “सर, हा सरळ करून देतो. दोन मिनिटांचं काम.”

“राहू दे हो,” सर म्हणाले. “धर्म आणि अर्थ, दोघांचीही टोपी तिरकी. तेवढीच त्यांची मैत्री.”

मी मनात खूश झालो. दुसऱ्या कुठल्याही यंत्राचा रफार असा नव्हता. त्या वेळी मीच ओरडून ‘सरळ कर’ म्हणायला हवं होतं.

पुढे सरांनी एक प्रकरण लिहायला घेतलं. उपाशी लोकांसाठी देवाच्या नावाने गोळा केलेलं धान्य एका पुढाऱ्याच्या गोदामातून बाजारात जात होतं. त्यांना ते सहन होईना. वर्तमानपत्रांनी लेख परत पाठवले. घरी फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही. मग सर स्वतःच कार्बन लावून पानं काढू लागले आणि ती हातोहात गावभर फिरू लागली.

“खाली नाव घालू नका,” वहिनी म्हणाल्या. “माझी शपथ आहे तुम्हाला.”

सरांना ते पटलं नाही, पण त्यांनी शपथ पाळली. पानांवर नाव नव्हतं. सही मात्र मी करत होतो, प्रत्येक ओळीत, आणि हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

एका दुपारी, वहिनी कामावर असताना, एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. पायपुसण्यावर पाय नीट पुसून आत आला.

“सर, भाच्यासाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. तुमच्याच वर्गात होता. हाताने लिहिलेला चालत नाही हो, टाइप केलेलाच मागतात.”

विद्यार्थ्याच्या कामाला सर नाही म्हणत नसत. त्यांनी कागद चढवला. ‘सदर विद्यार्थी’, ‘वर्गात’, ‘वर्तणूक’. शब्दाशब्दाला माझा रफार तिरका पडत होता आणि तो माणूस सरांच्या खांद्यावरून पाहत होता. सरांच्या चेहऱ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं. मी अडकायचा प्रयत्न केला, पण नुकतंच तेल घातलेलं होतं. त्या दिवसाइतका सुरेख मी कधीच चाललो नव्हतो.

कागद घेऊन तो खिडकीपाशी गेला आणि उजेडात धरून त्याने तो सावकाश वाचला.

“छान मशीन आहे,” तो म्हणाला. “जपा.”

चौथ्या दिवशी सकाळी सर माझ्यावर कापड घालून कॉलेजला निघाले. फाटक वाजलं. मग घाईत कोणीतरी दोनच कळा दाबाव्यात तसे दोन आवाज झाले. शेजारणीची किंकाळी ऐकली तेव्हा वहिनी गॅस बंद न करताच धावल्या. दूध उतू जाऊन करपलं, त्या वासात मी दिवसभर बसून होतो. माझ्यामुळे माझा मित्र गेला, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

पोलिसांना त्या माणसाच्या टेबलाच्या खणात दोन कागद सापडले, एक बिननावाचं पान आणि एक तो दाखला. दोन्हींवरच्या प्रत्येक रफाराभोवती लाल पेन्सिलीने गोल केलेला होता. तो म्हणतो, “हे कागद कोणीतरी मुद्दाम ठेवलेत. त्या घराची पायरीसुद्धा मी कधी चढलो नाही.” त्याला तिथे पाहिलेलं माणूस कोणी नाही. तो दाखला सरांच्याच घरात टाइप झाला, हे आता फक्त माझा वाकडा दांडा सांगू शकतो. गुरुवारी मला कोर्टापुढे नेणार आहेत.

पण माझ्या दांडीला बांधलेली नंबराची चिठ्ठी उंदरांनी कुरतडून नेली. काल इथला कारकून आला. म्हातारा, प्रेमळ माणूस आहे. त्याला वाटलं, मी कचेरीचाच अडगळीतला टाइपरायटर आहे. त्याने फुंकर मारून माझी धूळ उडवली, कागद घालून पाहिला आणि शिपाईबाईला म्हणाला, “इतकं चांगलं मशीन कुजत पडलंय बघा. वीज गेली की कामाला येईल. रफार तेवढा वाकलाय, सोमवारी पक्कड आणून सरळ करतो.”

“करा की,” ती म्हणाली. “तुमचा हात लागला की चालतंच.”

सोमवार उद्या आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू दुरुस्त कराव्यात, त्यांना तेल द्यावं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ते खरंच आहे, तसंच वागा. फक्त हात लावण्याआधी ती वस्तू कोणाची, कुठून आली, एवढं विचारत जा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या या बाजूला आलंच, तर त्या कारकुनाला हाक मारून सांगा, “काका, याला सरळ करू नका. याची साक्ष अजून व्हायची आहे.”